शोभेचा रहाट

कोकणात समुद्राच्या काठाला ज्यांचं बालपण गेलं त्यांना रहाट म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. पण आता आमच्या मुलांनाच ते सांगावं लागतं, तेव्हा घाटावरच्या वाचकांसाठीही दोन ओळी लिहितो. विहिरीच्या तोंडावर एक मोठं उभं लाकडी चाक. त्याच्यावरून खाली पाण्यापर्यंत सोडलेली काथ्याच्या दोरांची माळ आणि माळेला ओळीनं बांधलेली मातीची गाडगी. बाजूला जमिनीलगत आडवं फिरणारं दात्यांचं दुसरं चाक, आणि त्याच्या लांब दांड्याला जुंपलेला, डोळ्यांवर झापडं बांधलेला रेडा. रेडा गोल फिरायचा, दात्यांत दाते अडकून उभं चाक फिरायचं. गाडगी भरून वर यायची, माथ्यावर कलंडून पन्हळीत रिकामी व्हायची आणि तोंड खाली करून पुन्हा विहिरीत जायची. पन्हळीतून पाटात, पाटातून माडापोफळींच्या आळ्यांत पाणी जायचं. मराठीत संसाराला 'रहाटगाडगं' म्हणतात ते यावरूनच.

श्रीवर्धन तालुक्यातल्या आमच्या घरामागच्या वाडीत असा रहाट होता. आम्ही म्हणजे तिघं भावंडं. थोरला बावीस वर्षं कुवेतला नोकरी करून परतलेला, मधला पनवेलच्या बाजूला शाळेत शिकवणारा आणि धाकटी बहीण माणगावला दिलेली. लिहिणारा हात एकाचा असला तरी या मजकुरात जे आहे ते तिघांनी मिळून केलेलं, भोगलेलं आणि वाद घालून ठरवलेलं आहे. म्हणून 'आम्ही'.

आमच्या लहानपणी पहाटेच्या अजानच्या आगेमागे रहाट सुरू व्हायचा. उन्हाळ्यात पोफळीला पाणी चुकवून चालत नाही. विहीर आमच्या वाडीत असली तरी तिच्यावर पाळ्या होत्या. सकाळची पाळी आमची आणि दुपारनंतरची पलीकडच्या भंडारी घराची. रेडा त्यांचा, माळ आणि गाडगी आमची. हा करार कधी कागदावर आला नाही आणि त्यावरून कधी भांडण झाल्याचंही आमच्या ऐकिवात नाही. गाडग्यांच्या बुडाला बारीक भोक असायचं. रहाट थांबला की भरलेली गाडगी लटकत राहून माळेला ओढ बसू नये, त्यातलं पाणी हळूहळू खाली जावं, म्हणून ते ठेवलेलं. अब्बा त्याचा वेगळाच अर्थ सांगायचे. म्हणायचे, "ते विहिरीचं आहे. घेणाऱ्यानं सगळं घ्यायचं नसतं."

रहाटाबद्दल बोलताना माणसं हळवी होतात. आम्हीही होतो. पण आठवणीत रहाटाचा आवाज राहतो, रहाटामागं चालणाऱ्याचे पाय राहत नाहीत. रेड्यामागं एक पोरगा असायचा, आमच्याच वयाचा. आम्ही पाटी-दप्तर घेऊन मदरशात आणि तिथून शाळेत जायचो तेव्हा तो फिरत असायचा. परत यायचो तेव्हाही त्याच वर्तुळात असायचा. विजेचा पंप आला तेव्हा रेडा सुटला आणि तो पोरगाही सुटला, हे आधी मान्य करून मग रहाटाचं गुणगान करावं. आमच्याकडे १९७८ च्या सुमाराला पंप बसला. रहाटाचं लाकूड एकेक करून चुलीत गेलं. विहिरीवर उरले ते जांभ्या दगडाचे दोन खांब. त्यांच्यावर अम्मी वाळवणाची दोरी बांधायची.

पुढची हकीकत कोकणातल्या कुठल्याही मुसलमान घराची आहे. १९७० नंतर आखाताची वाट उघडली आणि गावंच्या गावं तिकडे गेली. घरांना गिलावा झाला, मोझाइक आलं, आणि माणसं मात्र ईदपुरती येऊ लागली. अब्बा होते तोवर वाडी हसती होती. ते गेले, आणि अम्मी एवढ्या मोठ्या घरात एकटी राहिली. आम्ही तिघांनीही तिला आपापल्याकडे चल म्हणून सांगितलं. ती यायची, महिनाभर राहायची आणि "वाडीला पाणी कोण लावणार?" असं म्हणून परत जायची.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. टाळेबंदीचे दिवस होते. जिल्हा ओलांडायचा तर ई-पास लागत होता. वीज गेली, फोन गेले, आणि अम्मी जिवंत आहे एवढं कळायलाच आम्हाला दोन दिवस लागले. भंडारी घरातल्या वहिनींनी तिला आपल्या माजघरात नेऊन ठेवलं होतं. आम्ही पोचलो तेव्हा घरावरची निम्मी कौलं उडालेली होती आणि वाडी ओळखू येत नव्हती. तीनशेच्या वर पोफळी होत्या, उभ्या होत्या एकसष्ट. बाकीच्या कमरेतून मोडलेल्या. श्रीवर्धनच्या रोठा सुपारीचं नाव मोठं, पण पोफळीचं रोप लावल्यापासून सुपारी धरायला पाच-सात वर्षं तरी जातात. साठीच्या माणसाला नव्यानं वाडी लाव म्हणणं सोपं नसतं.

विहिरीजवळचा फणसही मुळासकट आडवा झाला होता. तो आमच्या आजोबांनी लावलेला. त्याचं काय करायचं ते ठरेना. गावातल्या जुन्या सुतारकाकांनी मात्र बजावून सांगितलं, "जळणात घालू नका. फणसाचं लाकूड आहे, वाळवी सहसा लागत नाही. चिरून सावलीत रचून ठेवा." आम्ही तसं केलं. दोन फळ्यांच्या मधे काठ्या घालून, वारा खेळेल अशी थप्पी पडवीत रचली. ताजी असताना त्या फळ्या हळदीसारख्या पिवळ्या होत्या. पुढं वर्षावर्षानं त्यांचा रंग उतरून तपकिरी होत गेला.

वादळानंतर वर्षभरात वाडीला गिऱ्हाइकं येऊ लागली. किनाऱ्याजवळची जागा, गोड्या पाण्याची विहीर, रस्त्याला लागून. एक दलाल तर आम्हाला सल्लाही देऊन गेला, "विहिरीवर शोभेचं लाकडी चाक बसवा. मुंबईच्या पार्टीला असलं गावठी काही आवडतं. भाव वाढून मिळेल." तालुक्यात आता पर्यटकांसाठी बांधलेल्या कितीतरी घरांपुढं अशी चाकं दिसतात. टाकीतलं पाणी छोट्या पंपानं वर चढवायचं, चाकावर सोडायचं, पुन्हा टाकीत घ्यायचं. चाक दिवसभर फिरतं आणि एका रोपालाही पाणी मिळत नाही.

आमच्यात वाद झाला तो इथून. थोरल्याचं मत विकावं असं होतं, आणि त्याचं कारण खोटं नव्हतं. अम्मीचे गुडघे गेलेले, रात्री-अपरात्री काही झालं तर तालुक्याला न्यायला घरात माणूस नाही. मधल्याचं मत थांबावं असं होतं. आणि बहिणीचं मत कोणी विचारलंच नव्हतं. नात्यातल्या वडीलधाऱ्यांनी परस्पर सांगून टाकलं की तिच्याकडून हक्कसोडपत्र घ्या, म्हणजे पुढचं सोपं होईल. आपल्या समाजात हे सर्रास चालतं. व्यासपीठावरून आपण अभिमानानं सांगतो की इस्लामनं चौदाशे वर्षांपूर्वी मुलीला वारसा दिला. आणि तलाठ्याकडे जाताना तिला साडी-चोळी देऊन अंगठा घेतो. तिला सांगितलं जातं, हिस्सा घेतलास तर माहेर तुटेल.

बहीण ज्या दिवशी आली त्या दिवशी तिनं कागदावर आकडे मांडले. शाळेत गणित तिचंच चांगलं होतं. सूरह निसामधल्या वाटणीप्रमाणे आईचा आठवा हिस्सा. उरलेल्यात मुलाला दोन वाटे, तर मुलीला एक. दोन मुलगे, एक मुलगी. सगळ्याचे चाळीस भाग केले तर अम्मीचे पाच, दोघा भावांचे चौदा-चौदा आणि तिचे सात. बेरीज चाळीस, बाकी शून्य. "मला माझे सात विकायचे नाहीत," ती म्हणाली. "मला ते फक्त कागदावर बघायचेत. अल्लाहनं लिहिलेत, तलाठ्यानं का लिहू नयेत?"

त्यावर त्या दिवशी कोणी काही बोललं नाही. अम्मी तेवढी म्हणाली, "घरात आवाज नाही राहिला. रहाट होता तेव्हा अंधारात पण कळायचं, माणसं आहेत." दलालाच्या तोंडून आलेली गोष्ट तिच्या तोंडून आली तेव्हा तिचा अर्थ बदलला. फणसाच्या फळ्या पडवीत होत्याच. पुढच्या सुट्टीत चाक करायचं असं ठरलं. विकायचं की ठेवायचं हे त्यानंतर.

पण सुट्ट्या जुळायला आणि सुतारकाकांचं डोळ्यांचं ऑपरेशन व्हायला तीन वर्षं गेली. २०२४ च्या जानेवारीत आम्ही तिघंही गावी एकत्र आलो. अब्बांच्या मय्यतीनंतर इतके दिवस एका छपराखाली पहिल्यांदाच.

पहिलं भांडण पाण्यावरून. मधल्यानं आणलेल्या नकाशात तीच दलालाची पद्धत होती, खाली हौद आणि तेच पाणी पुन्हा पुन्हा वर. बहिणीनं तो नकाशा बाजूला सारला. वाहत्या नदीकाठी बसून वुजू केली तरी पाण्याचा इस्राफ करू नये, ही हुजूरांची (स.) ताकीद आमच्याकडे अब्बा बदन्याला हात लावण्याआधी सांगायचे. "मे महिन्यात वरच्या वस्तीतल्या बायका टँकरपुढं हंडे घेऊन उभ्या असतात," ती म्हणाली, "आणि आपण त्यांच्या देखत पाण्याला नाचवायचं?" थोरल्याचं म्हणणं, पाणी फिरून तेच राहतं, वाया कुठं जातं? तिचं म्हणणं, वाऱ्यावर आणि उन्हावर जातं ते वेगळंच, पण पाण्यानं काम न करता नुसतं फिरावं हेच तिला पटत नव्हतं.

वाट सुतारकाकांनी काढली. ते पायरीवर बसून चहा पीत होते. म्हणाले, "वाडीला पाणी रोज जायचंच आहे ना? मग जाता जाता चाकाला हात लावून जाऊ दे."

एवढंच. पंपाचा नळ पूर्वी थेट पाटात सोडलेला होता. तो आता खांबांवरून वर नेऊन चाकाच्या माथ्यावर सोडायचा. पाणी चाकाला फिरवून खाली दगडी डोणीत पडेल आणि तिथून जुन्याच पाटानं पोफळींना जाईल. रहाटाचा ओटा आजोबांच्या वेळेपासून वाडीपेक्षा उंच बांधलेला होता, पाणी उतारानं आपोआप जावं म्हणून. ती उंची इतक्या वर्षांनी पुन्हा कामाला आली. पंपाला चार-पाच फूट जास्त चढ पडला, पण तो विहिरीच्या खोलीपुढं काहीच नाही.

यात एक उलटापालट होती आणि ती आमच्या मनात घर करून राहिली. पूर्वी चाक पाण्याला वर आणायचं, आता पाणी वर येऊन चाकाला फिरवणार होतं. पूर्वीचा मालक आता पाहुणा झाला. मग याला रहाट म्हणावं का? मधल्यानं शाळेतल्या विज्ञान प्रदर्शनासाठी अल-जझरीबद्दल वाचलेलं होतं. दियारबकरच्या अर्तुकी दरबारातल्या या कारागिरानं १२०६ मध्ये अरबीत यंत्रांवरचं आपलं पुस्तक पुरं केलं. त्यात पाणी वर काढायची पाच यंत्रं आहेत. त्यांतल्या एकात हौदावर एक लाकडी गाय गोल फिरताना दिसते. बघणाऱ्याला वाटतं, गायच यंत्र ओढते आहे. खरं तर खाली लपवलेली चाकं पाण्याच्या जोरानं फिरत असतात आणि तीच गायीलाही फिरवतात. म्हणजे शोभेचा रहाट हा काही आजच्या पर्यटनाचा शोध नव्हे. फरक इतकाच, की त्या शोभेतही पाणी खरोखर वर चढत होतं.

सीरियातल्या हमा शहरात आसी नदीवर अजून प्रचंड लाकडी चाकं उभी आहेत. त्यांतलं 'मुहम्मदिया' नावाचं चाक १३६१ सालचं, व्यास सुमारे २१ मीटर. शहराच्या मोठ्या मशिदीला ते पाणी पुरवायचं. त्या चाकांना अरबीत 'नाऊरा' म्हणतात, आणि त्या शब्दाच्या मुळाशी कण्हण्या-गुरगुरण्याचा अर्थ आहे. म्हणजे तिकडच्या लोकांनीही चाकाला नाव दिलं ते त्याच्या आवाजावरून. अम्मीला हे सांगितल्यावर तिला नवल वाटलं नाही. "मग दुसरं कशावरून देतील?" ती म्हणाली. आणि आपल्या महाराष्ट्रात औरंगाबादची, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की कोणाला माहीत नाही? बाबाशाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात मातीच्या नळांतून दुरून आणलेलं पाणी चक्कीचं आडवं चाक फिरवायचं. त्यावर दळलेल्या पिठाच्या भाकरी फकिरांना आणि वाटसरूंना मिळायच्या. आज लोक तिथं पाणी पडताना बघायला जातात. बघावंच. पण त्या पाण्यानं कोणाचं तरी पोट भरत होतं हे मुलांना सांगितलं नाही तर ते नुसतं कारंजं होऊन जातं.

चाकाचं काम एकोणीस दिवस चाललं. व्यास साडेचार फूट, रुंदी दहा इंच. मधला तुंबा आम्ही माळ्याच्या सागवानी तुळईचा केला. ती तुळई वादळातच खाली आली होती. तुंब्याला आठ आरे. बाहेरची वाटोळी कड एका फळीतून निघत नाही. फणसाच्या फळ्यांतून आठ वाकडे तुकडे कापून ते टोकाला टोक जोडावे लागतात. दोन्ही बाजूंच्या कडांच्या मधे सोळा तिरक्या फळ्या बसवून सोळा खण केले. सुतारकाका स्वतः फार कमी हत्यार चालवत होते. त्यांचा हात कापतो. ते खडूनं रेघ मारायचे आणि थोरला पटाशी चालवायचा. कुवेतला तो पाइप जोडायचा, त्यामुळं माप त्याच्या हातात होतंच. बहीण आऱ्याची टोकं रंधायची आणि खोबणीत घालून बघायची. घट्ट बसलं की ती खूश व्हायची. सुतारकाका म्हणायचे, "पोरी, इतकं घट्ट नको. पाणी लागल्यावर लाकूड फुगतं. त्याला फुगायला जागा ठेव, नाहीतर कड फुटेल." कोरड्यात थोडं सैल आणि ओल्यात घट्ट, असं मोजून लाकूड बसवायचं असतं. स्क्रू पितळेचे घेतले, कारण लोखंडी स्क्रू ओल्या लाकडात गंजतात आणि लाकूड काळं पडतं. व्हार्निश लावलं नाही, ते पाण्यात सुटून येतं. गरम जवसाचं तेल फडक्यानं तीनदा पाजलं.

चाक आसावर टांगल्यावर त्याचा तोल बघायचा असतो. हातानं फिरवून सोडलं की जड बाजू खाली येऊन थांबते. तिथं रंधा मारायचा, पुन्हा फिरवायचं. कुठंही सोडलं तरी तिथंच राहील इतपत झालं की तोल साधला. त्यानंतर सुतारकाकांनी ते चाक तीन दिवस पाण्याखाली सारखं फिरतं ठेवायला लावलं. अर्ध चाक भिजून अर्ध कोरडं राहिलं तर ओली बाजू जड होते आणि चाक दर वेळी एकाच जागी अडतं. सगळ्यांना सारखं पाणी मिळालं तरच ते नीट चालतं. खणांच्या तळाला त्यांनी गिरमिटानं बारीक भोकं पाडली, पंप बंद झाल्यावर पाणी साठून राहू नये म्हणून. ती बघून आम्हाला अब्बांचं "ते विहिरीचं आहे" आठवलं. आम्ही एकमेकांना ते बोलून दाखवलं नाही.

आसाला बेअरिंग घालायची थोरल्याची इच्छा होती. सुतारकाका म्हणाले, "बेअरिंग घातलंस तर मुकं होईल." म्हणून खैराच्या ठोकळ्यांत भोकं पाडून आस त्यात फिरता ठेवला. वंगणाला खोबरेल.

पहिल्या दिवशी चाक सुंदर फिरलं आणि अजिबात वाजलं नाही. अम्मी पाट टाकून समोर बसली होती. काही बोलली नाही, उठून आत गेली. आठवडाभरानं ठोकळे जरा घासले गेले आणि एका पहाटे ते कुरकुरायला लागलं. त्या दिवशी तिचा अभिप्राय मिळाला, "आवाज बारीक आहे. आपल्या रहाटाचा घोगरा होता." पण त्या दिवसापासून पंपाचं बटण ती स्वतः दाबते, दुसऱ्या कोणाला दाबू देत नाही.

या एकोणीस दिवसांत विकण्याचा विषय कोणी मुद्दाम काढला नाही. तो कामातच निघायचा. कडेचा तुकडा धरून दोघं उभे असायचे आणि तिसरा पाचर मारायचा, तेव्हा माणूस फार ताणून बोलू शकत नाही, कारण हात सोडता येत नाही. थोरल्यानं एका दुपारी विचारलं, "अम्मीला रात्री काही झालं तर?" बहीण म्हणाली, "माणगाव जवळ आहे, मुंबई लांब आहे. माझे सात हिस्से आहेत ना, मग सातांचं कामही माझं." मधला म्हणाला, शनिवार-रविवार मी. थोरला आता घरीच आहे, तो बाकीचे दिवस निम्मे इकडे राहील असं त्यानंच सांगितलं. पाळ्या लागल्या. जुन्या काळी पाण्याच्या लागायच्या, आता माणसांच्या लागल्या.

त्या पावसाळ्याच्या आधी वारसाची नोंद करून घेतली. सातबाऱ्यावर चार नावं आली, अम्मीचं, आमचं दोघांचं आणि बहिणीचं. अंगठा नाही, सही. वाटणीच्या कागदात जमिनीचे हिस्से लिहिले आणि विहिरीपुढं 'सामाईक' असं लिहिलं. विहिरीचे चाळीस भाग करता येत नाहीत. नात्यातल्या काहींना हे आवडलं नाही. आता आमच्या बायका-बहिणीही मागायला लागतील, असं एकानं तोंडावर सांगितलं. मागू देत. त्यांचंच आहे ते.

पुढं वाडी कायमची राखू असं आम्ही छातीठोकपणे म्हणत नाही. आमची मुलं दुबईला आणि पुण्याला आहेत. त्यांच्या मनात काय आहे ते त्यांचं त्यांना माहीत. सुतारकाकांचा मुलगा मुंबईत लिफ्ट दुरुस्त करतो. बापाची हत्यारं त्यानं बघितली आहेत, हातात धरलेली नाहीत. काकांनी आपलं गिरमीट आणि रुंद पटाशी आमच्या बहिणीला दिली. घेताना ती संकोचली. ते म्हणाले, "भाभीच्या चाकाला कधीतरी आरा लागेल. तेव्हा मी असेन असं नाही."

शोभेला किंमत नसते असं नाही. दारावरची नक्षी, मशिदीची जाळी, कंदिलाची काच, हे सगळं शोभेचंच आहे. त्यानं घर घर होतं. पण शोभा कामाच्या अंगावर आलेली असावी. जाळीतून वारा आला पाहिजे, कंदिलात वात पाहिजे. आमचं चाक विहिरीतून एक थेंबही वर काढत नाही, हे आम्ही कोणापासून लपवत नाही. ते फक्त वाडीला पाणी चाललं असताना फिरतं आणि वाडीचं पाणी झालं की थांबतं. रस्त्यानं जाणाऱ्या पर्यटकांनी गाडी थांबवून फोटोसाठी चाक चालू करा म्हटलं तर अम्मी सांगते, "उद्या सकाळी या."

वादळानंतर २०२१ च्या पावसाळ्यात आम्ही दीडशे रोपं लावली. पोफळीच्या कोवळ्या रोपाला कडक ऊन सोसत नाही म्हणून त्यांच्या मधे केळी लावल्या. केळी आता उतरून गेल्या, रोपं डोक्याच्या वर गेली. सुपारी अजून दूर आहे. मृगाच्या आधी आम्ही चाक उतरवून पडवीत टेकवून ठेवतो, जिथं फणसाच्या फळ्यांची थप्पी होती तिथंच. पाऊस सरला की ते पुन्हा चढतं. पहिले दोन दिवस लाकूड कोरडं असतं, सांधे सैल असतात, चाक डुगडुगतं. येणारा-जाणारा म्हणतो, मोडणार हे. मग पाणी मुरतं आणि सांधे आपोआप आवळले जातात. या वर्षी चढवायची पाळी बहिणीची आहे.